‘चार भिंती’ची पाचवी चाचणी

लोणावळ्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात यशोधरा अठरा वर्षं बंगले काढत होती. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. पवनेच्या काठचे, कार्ल्याच्या मागचे, तुंगच्या वाटेवरचे, सगळे मिळून दोनशे अकरा. प्रत्येक बंगल्याला डोंगराचा नजारा लागतो. पुढच्या वर्षी त्याच्या पुढ्यात दुसरा बंगला येतो आणि पहिल्याचा नजारा अडवतो. मग पहिला मालक एक मजला चढवायचा म्हणून पुन्हा नकाशा काढायला येतो. या धंद्याला मरण नाही, असं तिचे साहेब म्हणत. डोंगराबद्दल त्यांनी कधी काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत साहेबांचं नाव ठळक, खाली साहेबांच्या पदव्या, साहेबांची सही, आणि सगळ्यात तळाला, मुंगीने चष्मा लावून वाचावं अशा अक्षरात, ‘रेखाटन: य.’ त्या ‘य’च्या पुढचं अक्षर काढायची वेळ अठरा वर्षांत आली नव्हती.

ती स्वतः वराळ्यात चौथ्या मजल्यावर राहत होती. तिथून नजारा म्हणजे समोरच्या इमारतीची स्वयंपाकघरं. कुणाकडे वांगं आहे आणि कुणाकडे अजून भांडण चालू आहे, हे घोरावाडी स्टेशनात लोणावळ्याची सकाळची गाडी पकडायच्या आधीच तिला कळलेलं असे.

त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर तिने तीन वर्षं खपून एक खेळ तयार केला. पट टेबलावर मांडलेला असल्यामुळे घरची जेवणं तीन वर्षं जमिनीवर झाली. नवरा प्रदीप तळेगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा, त्याने एवढंच विचारलं होतं, “संपेल ना?”

खेळाचं नाव ‘चार भिंती’. एक टेकडी, चार खेळाडू, प्रत्येकाला तीन लाकडी मजूर. मजूर खाणीवर पाठवले की दगड मिळतो, नदीवर पाठवले की वाळू, दुकानात पाठवले की सिमेंट. सामान जमलं की मजूर आपल्या घरावर लावायचे. पायाला दोन मजूर लागतात, भिंतींना चार, स्लॅबला सहा. मजूर कमी पडले तर अर्धं काम या पाळीत, उरलेलं पुढच्या पाळीत. तीन घरं ज्याची आधी पुरी होतील तो जिंकला. खाणीवर उभं राहायला दोनच जागा, दुकानात एकच. म्हणजे दुसऱ्याच्या आधी पोचायचं, हीच त्यातली गंमत. फासे नाहीत, नशीब नाही. वय वर्षं आठ ते ऐंशी.

पुण्यातल्या एका खेळ छापणाऱ्या कंपनीला तो आवडला. कंपनीच्या वतीने हृतिक नावाचा सव्वीस वर्षांचा गृहस्थ बोलायचा. त्याने सांगितलं, पाच कुटुंबांत चाचणी घ्या, प्रत्येकीचा फॉर्म भरा. फॉर्मात एक रकाना होता: ‘खेळ चालू असताना कोणी उठलं का? कितव्या मिनिटाला?’

पहिल्या चाचणीत तिसऱ्या मजल्यावरचे काका पंचविसाव्या मिनिटाला पाणी आलं का ते बघायला उठले. इमारतीत पाणी चोवीस तास असतं. दुसरीत प्रदीपच्या मित्राच्या बायकोला कुकर लावायचा होता. त्या दिवशी जेवण बाहेरून मागवलेलं होतं. तिसरीत एका शिक्षकांना फोन आला, जो वाजला नव्हता. चौथीत नऊ वर्षांची एक मुलगी सरळ म्हणाली, “मला काही करायलाच नाहीये,” आणि गेली. चौघांत खरं बोलणारी ती एकटी.

रोग एकच होता. जो मागे पडतो त्याला कुठेच जागा मिळत नाही, त्याचे मजूर रिकामे उभे राहतात. आणि मजूर रिकामे झाले की मालक उठतो.

“मॅडम, फॅमिली गेम म्हणजे फॅमिली शेवटपर्यंत बसली पाहिजे,” हृतिक म्हणाला. “या वर्षी छापायला एकच जागा आहे. दुसरा खेळ पिझ्झाच्या दुकानाचा आहे. त्यात कोणी उठत नाही.”

“का?”

“ते चाचणीच्या वेळी पिझ्झा देतात.”

सोमवारपर्यंत पाचवा फॉर्म हवा होता. तीन पिढ्या, एकानेही खेळ आधी पाहिलेला नसावा, आणि एका तासात डाव संपावा. पाचव्या घरातूनही कुणी उठलं, तर जागा पिझ्झाला. छापलेल्या खोक्याच्या झाकणावर खेळ करणाऱ्याचं नाव असतं, पूर्ण. कंपनीतला एक नमुन्याचा खोका यशोधराने हातात घेऊन पाहिला होता. झाकणावर ‘य’च्या पुढे बरीच जागा होती.

तीन पिढ्या तिच्याकडे सासरी, बेडशालाच होत्या. मुलगी समीक्षा तेरा वर्षांची. आईचा खेळ तिने कधी पाहिला नव्हता, कारण तीन वर्षं ती टेबलाकडे पाठ करून जेवत होती. प्रदीपने टेबल पाहिलं होतं, खेळ नाही.

जानेवारीतला रविवार होता. भात झोडून झालं होतं, खाचरं रिकामी पडली होती. लेणी बघायला आलेल्या मंडळींनी निवृत्तीच्या दारात तीन मोटरसायकली लावल्या होत्या आणि जाताना पाणी मागून प्यायलं होतं. निवृत्ती म्हणजे यशोधराचे सासरे. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर गवंडी. ज्या बंगल्यांचे नकाशे यशोधराने काढले त्यांतल्या काहींची कुंपणं त्यांनी बांधली होती, आणि नकाशांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं: “कागदावर पानी चढावर बी जातं.” सासू येसूबाई. त्यांनी निम्मं आयुष्य चिखलात भाताची आवणी करण्यात आणि निम्मं निवृत्तीच्या हाताखाली घमेली वाहण्यात काढलं होतं. त्यांच्या घरावरचा स्लॅब अठ्ठ्याण्णव सालचा. गावात तो न गळण्याबद्दल प्रसिद्ध होता.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली सतरंजी टाकून पट मांडला. प्रदीपने घड्याळ लावलं आणि जाहीर केलं, “आता एक तास ही बोलणार नाही.”

सगळ्यांनी यशोधराकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून वही घेऊन बसली होती.

“का? काय झालं?” निवृत्तीने विचारलं.

“तू काय बोल्लास तिला?” येसूबाई प्रदीपवर उखडल्या.

“मी काही नाही बोललो! फॉर्ममध्येच आहे. खेळ करणाऱ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही.”

“सासरी आल्यावर बोलायचं न्हाई, आसा फारम निगालाय?” येसूबाई म्हणाल्या. “ह्यो पन्नास वर्सांमागं निगालता. आमी भरलाय.”

प्रदीपने नियम वाचून दाखवले, कारखान्यातली सुरक्षेची सूचना वाचतात त्या आवाजात. वाचता वाचता प्रत्येक लाकडी मजुरावरून त्याचा अंगठा फिरत होता. दोघांच्या डोक्याला खरखर आहे, अशी नोंद त्याने केली. यशोधराने ती लिहून घेतली.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. समीक्षाने खाण ताब्यात घेतली. ती तेराव्या वर्षीच असं खेळत होती की, मोठी झाल्यावर हिला नकाशे काढावे लागणार नाहीत, काढून घेता येतील. प्रदीप जे तिने सोडलं ते उचलत होता. येसूबाईंनी पाया घातला आणि विचारलं, “मोरी कुटंय ह्याला?”

“आजी, खेळात मोरी नसते.”

“मंग पावनं आल्यावर हातपाय कुटं धुवायचं?”

यशोधराने लिहिलं: ‘मोरी.’ दोनशे अकरा बंगल्यांना मिळून हजारभर न्हाणीघरं तिने काढली होती, खेळात एकही घातलं नव्हतं.

निवृत्ती सगळ्यात नेटाने खेळत होते. एकच प्लॉट धरला, पाया घातला, भिंती उभ्या केल्या. भिंतींचे तुकडे गुण्यात, काटकोनात बसलेत का, हे वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. मग दगड, वाळू, सिमेंट जमवून त्यांनी स्लॅबचा तुकडा शेजारी ठेवला आणि थांबले.

“आबा, टाका ना स्लॅब,” प्रदीप म्हणाला. “तीन मजूर आता लावा, तीन पुढच्या पाळीला.”

“म्हंजी आरदा?”

“हो.”

“स्लॅब आरदा टाकून सोडायचा? आन् आरदा उद्या? जोड गळंल की रं.”

“आजोबा, हा लाकडाचा आहे,” समीक्षा म्हणाली. तिने स्वतःचे दोन स्लॅब असेच दोन-दोन हप्त्यांत टाकले होते. निवृत्तीने त्या दोन घरांकडे पाहिलं. गवंडी परक्या कामाकडे पाहतो तसंच. त्या घरांत आता कुणी राहू नये असं सगळ्यांनाच वाटून गेलं.

“मग दुसऱ्या घराचा पाया घ्या, आबा.”

“एक पुरं झाल्याबिगर दुसरं खंदायचं न्हाई. ते ठेकेदाराचं काम.”

तसंही दुसऱ्यासाठी सामान मिळणार नव्हतं. खाणीवर समीक्षा आणि प्रदीप, दुकानात समीक्षा. निवृत्तीची पाळी आली, त्यांनी “ऱ्हाऊ दे” म्हटलं. पुन्हा आली, पुन्हा “ऱ्हाऊ दे.” त्यांचे तीन मजूर भिंतीपाशी ओळीने उभे होते, सोमवारी कामाला कुणी नेईल का म्हणून नाक्यावर उभे राहतात तसे.

यशोधराने घड्याळ पाहिलं. सत्तावीस मिनिटं.

एवढ्यात शेजारच्या सरुबाई विरजण मागायला दारात आल्या. त्यांनी पाहिलं, ते असं: मधे जमिनीचा नकाशा, त्यावर प्लॉट पाडलेले. सासरा तोंड फिरवून बसलेला. मुलगा कागद वाचतोय. नातीने निम्मी टेकडी घेतलीय. आणि सून भिंतीला टेकून, एक शब्द न बोलता, सगळं लिहून घेतेय.

“मी मागनं येते,” असं म्हणून त्या विरजण न घेताच गेल्या. सरुबाई काही न घेता परत जाण्याची ती पहिलीच वेळ.

तिसऱ्यांदा पाळी आली. निवृत्तीने पटाकडे पाहिलं, आपल्या तीन मजुरांकडे पाहिलं, गुडघ्यावर हात टेकला आणि एक पाय जमिनीवर रोवला.

“कुठे चाललात, आबा?” प्रदीपने विचारलं.

“जरा गुरांकडं बघून येतो.”

गुरं सहा वर्षांपूर्वी विकली होती.

यशोधराचं पेन फॉर्मवरच्या त्या रकान्यावर टेकलं होतं. एकतिसावं मिनिट. तिला ‘आबा, बसा’ एवढं म्हणता आलं असतं, दोनच शब्द. सून म्हणाली असती तर ते बसलेही असते. पण मग ती चाचणी राहिली नसती, सासऱ्यांनी सुनेचा मान राखला एवढंच झालं असतं. कंपनी त्यासाठी खोका छापत नाही. तिला पिझ्झाचा वास येऊ लागला.

“अवो, बसा खाली,” येसूबाई म्हणाल्या. “गुरं न्हाईत आन् गुराख्या निगाला. तुमचं तीन गडी रिकामं हायेत न्हवं?”

“हायेत.”

“मंग आना हिकडं. माज्या भिंती अडल्यात. माजे तीन, तुमचा एक. चार झालं. आज तुमी माज्याकडं, उद्या मी तुमच्याकडं. सावड.”

निवृत्ती एक पाय रोवून, एक गुडघा टेकून तसेच थांबले. “उद्या तुजे तीन येतील?”

“येतील.”

“माजे तीन आन् तुजे तीन.” त्यांनी बोटं मोजली. सहा झाली. ते खाली बसले.

“असं चालत नाही!” समीक्षा ओरडली. “बाबा, नियम बघा! आपले मजूर आपल्याच घरावर लावायचे!”

प्रदीपने नियमांची चारही पानं उलटून पाहिली, मग सुलटून पाहिली. तो तपासणी खात्यातला माणूस. “‘आपल्या घरावर’ असं आहे,” तो म्हणाला. “‘आपल्याच’ असं नाही. ‘आपल्या घरावर लावता येतात.’ दुसऱ्याच्या घरावर लावू नये, असं कुठे लिहिलेलं नाही.”

आणि सगळे पुन्हा यशोधराकडे पाहू लागले.

तिने लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं तिला सुचलंच नव्हतं. मजूर कमी असणं हाच त्या खेळाचा पाया. प्रत्येकाला तीन की चार, यावर तिने आठ महिने घालवले होते, कोष्टकं केली होती. तिच्या ऑफिसात येणाऱ्या मालकांपैकी कुणी दुसऱ्याच्या बंगल्याला हात लावायला गेलेलं नव्हतं. गेलं तर कोर्टातच. मान नुसती डावीकडून उजवीकडे हलवली असती तर आठ महिने वाचले असते. तिने मान भिंतीला घट्ट टेकवून ठेवली आणि फॉर्मात लिहिलं: ‘३१ मि. – आजोबा अर्धे उठले.’

पुढच्या पाळीला स्लॅब पडला. येसूबाईंचे तीन आणि निवृत्तीचे तीन असे सहा मजूर एका ओळीत लागले, आणि निवृत्तीने तुकडा दोन्ही हातांनी उचलून चारही बाजू एकदम टेकतील असा ठेवला. मग एक मजूर घराशेजारी उभा करून ठेवला.

“हा कशाला?” समीक्षाने विचारलं.

“पानी माराया.”

“खाया घालायचं ऱ्हायलं,” येसूबाईंनी आठवण दिली. “सावड बोलवली तर खाया घालावं लागतं. फुकाट न्हाई गडी येत.”

निवृत्तीने सदऱ्याच्या खिशातून गुडदाणीची पुडी काढली. ती कधीची होती हे त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांना ती चावत नव्हती, नुसती जवळ असे. त्यांनी ती फोडून सगळ्यांना वाटली. सुनेलाही दिली. यशोधराने ती घेतली आणि न हसता चघळू लागली. फॉर्मात चघळण्याबद्दल काही नव्हतं.

त्यानंतर खेळ कुणाच्या हाती राहिला नाही. प्रदीपने सावड घेतली, दिली, पुन्हा घेतली. कुणाचे किती गडी कुणाकडे येणं आहेत हे येसूबाईंना तोंडपाठ होतं. आयुष्यभर पन्नास घरांच्या आवणीचा हिशेब त्यांनी डोक्यातच ठेवला होता. आता कुणाचेच मजूर रिकामे उभे नव्हते. खाणीवर जागा नसली तर शेजाऱ्याच्या भिंतीवर होती. समीक्षा एकटीच म्हणत होती, “मी कुणाचं घेणार नाही आणि कुणाला देणार नाही.”

“नको दिऊस,” येसूबाई शांतपणे म्हणाल्या. “टावरमदी आसंच ऱ्हातात.”

त्रेचाळिसाव्या मिनिटाला दारात अंबाजी उभे राहिले. निवृत्तीचे धाकटे भाऊ, घर गल्लीच्या पलीकडे. धाप लागलेली, हातात पिशवी, पिशवीत सातबारा.

“दादा, मला न सांगता वाटन्या?”

“कसल्या वाटन्या?”

“सरुबाई म्हनली. नकाशा काडलाय, सून लिवून घेतीय, तुजं बोलनं बंद झालंय.” त्यांनी वर छताकडे हात केला. “ह्या स्लॅबला मी दिवसभर घमेली वाहिल्यात. ते धरलंय का वाटनीत?”

“तुजी सावड फेडली न्हाई का मी? तुजा स्लॅब कुनी टाकला?”

अंबाजींनी हात खाली घेतला. “तू टाकलास,” ते म्हणाले.

“मंग बस. हितं बी स्लॅबच चाललाय.”

अंबाजी बसले. सातबाऱ्याची पिशवी त्यांनी मांडीखाली घेतली, पटाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हळूच विचारलं, “ह्यात माजं घर कंचं?”

शेवटच्या दहा मिनिटांत येसूबाई आणि समीक्षा बरोबरीला आल्या. दोघींची दोन-दोन घरं पुरी. येसूबाईंच्या तिसऱ्याच्या भिंती झालेल्या, आणि पुढच्या पाळीला निवृत्ती व प्रदीप दोघांचे गडी त्यांच्याकडे येणं होते. म्हणजे स्लॅब एका दमात. समीक्षाचा तिसरा स्लॅब सुरू झाला होता, पण त्याला आणखी पाच मजूर हवे होते. तिच्याकडे तीन. दोन कमी. पाळी तिची होती, आणि ही हुकली की संपलं.

तिने बाबांकडे पाहिलं. प्रदीपचे गडी गुंतलेले. आजोबांचा एक पाणी मारत होता, दोन आजीला कबूल. मोकळे फक्त आजीचे.

तिने आपले तीन मजूर पुन्हा मोजले. मग पटालाच म्हणाली, “आजी, दोन देतेस?”

प्रदीप म्हणाला, “अगं, ती कशी देईल? दिले तर तू जिंकशील.”

“मागितल्यावर न्हाई कसं म्हनायचं?” येसूबाई म्हणाल्या आणि दोन मजूर उचलून नातीच्या घरावर ठेवले. “घे. खाया काय घालशील?”

समीक्षाने दप्तरातून बिस्किटांचा पुडा काढला. सगळ्यांना एकेक, अंबाजी आजोबांना दोन. स्लॅब ठेवला. तिसरं घर पुरं. डाव संपला. अठ्ठावन्न मिनिटं.

“जिंकले!” ती म्हणाली.

“जिंकलीस,” येसूबाई म्हणाल्या. “आता दोन गडी कधी पाठवतीस?”

“आजी, डाव संपला.”

“डाव संपला. सावड संपली का?”

समीक्षाच्या चेहऱ्यावर विजय होता तिथेच काळजी येऊन बसली. पुढच्या डावात पहिल्याच पाळीला तिच्या तिघांतले दोन आजीच्या घराच्या पायावर खपणार होते, हे तिला तेव्हा दिसलं. येसूबाईंना ते आधीच दिसलं होतं.

“मांडा मंग पुन्यांदा,” अंबाजी म्हणाले. “मला बी तीन गडी द्या.”

“चौघांचाच आहे,” प्रदीप म्हणाला.

“मी दादात ऱ्हातो. भावकीच हाय.”

प्रदीपने घड्याळ बंद केलं आणि बायकोकडे वळला. “झाला तास. बोल आता.”

सगळे थांबले. येसूबाईंना वाटलं, आता ती रडणार. निवृत्तीला वाटलं, रागावणार, कारण तिचा खेळ त्यांनी उलटा-पालटा केला होता, हे त्यांना कळत होतं. नकाशा बदलला की वरची माणसं रागावतात, हा जन्माचा अनुभव.

यशोधराने वहीचं कोरं पान काढलं.

“आबा,” ती म्हणाली, “स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं?”

“येकवीस.”

“नियमात लिहायचंय.”

निवृत्तीने पटाकडे पाहिलं, मग समीक्षाकडे. “हल्लीच्या पोरास्नी दम न्हाई. दोन पाळ्या लिव,” ते म्हणाले. “पन आरदा स्लॅब काडून टाक त्यातनं. लोक लाकडाचा बघून शिकतील आन् खरा टाकतील.”

तिने तेही लिहिलं. मग फॉर्म भरला. ‘नियम मोडला गेला का?’ याच्यापुढे तिने ‘हो, न लिहिलेला’ असं लिहिलं आणि कसा मोडला ते पाठपोट दोन पानांत सविस्तर दिलं. सावड, फेड, खायला घालणं, सगळं. ‘कोणी उठलं का?’ याच्यापुढे ‘अर्धे’ तसंच ठेवलं. खोडावंसं एकदा वाटलं होतं. ‘पुन्हा खेळाल का?’ या शेवटच्या रकान्यापुढे काही लिहायचं राहून गेलं, कारण तोवर येसूबाईंनी तिला निवृत्तीच्या जागी बसवलं होतं. ते अंबाजींना ओळंबा म्हणजे काय हे पुन्हा समजावत होते.

बुधवारी दुपारी ऑफिसात हृतिकचा फोन आला. यशोधरा तेव्हा पवनेच्या काठी, आधीच्या बंगल्याच्या बरोबर पुढ्यात, एक पोहण्याचा तलाव काढत होती.

“मॅडम, तुमचा फॉर्म पाहिला. नियम मोडला तर चाचणी बाद होते, हे माहितीये ना तुम्हाला?”

“माहितीये.”

“मी आमच्या साहेबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, आधी खेळून तर बघू. काल चौघं बसलो. साहेब कुठलाही खेळ असला तरी विसाव्या मिनिटाला सिगरेटला उठतात. या वेळी उठले नाहीत.”

यशोधरा न हसता तलावाची एक रेघ ओढत राहिली. तिला आता सवय झाली होती.

“एक अडचण आहे, मॅडम. डाव संपला तेव्हा साहेबांचे दोन मजूर अकाउंटवाल्या रंजनाताईंना देणं राहिले. त्या सोडेनात. म्हणून आज पुन्हा बसलो, तर आता माझेच तीन साहेबांकडे अडकलेत. हे असं संपतच नाही का?”

“संपतं ना. फेडलं की.”

“आणि ‘सावड’ हा शब्द लोकांना कळेल का? मार्केटिंगवाले म्हणताहेत, ‘टीमवर्क’ करू.”

“टीमवर्क फेडावं लागत नाही,” यशोधरा म्हणाली. “सावडच ठेवा.”

तो लिहून घेत असल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, “बरं, पिझ्झावाल्यांना पुढच्या वर्षी बघू. झाकणावर तुमचं नाव कसं टाकू?”

तिने पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर. फोन ठेवला. तलाव पुरा केला. नकाशाच्या कोपऱ्यात सवयीने ‘रेखाटन: य’ लिहिलं, जरा थांबली, आणि उरलेली तीन अक्षरंही लिहून टाकली.

साहेबांनी तो नकाशा संध्याकाळी तपासला आणि सही केली. कोपऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ते नकाशात फक्त नजारा पाहतात.